तीन अंडी आणि पाच आठवड्यांचा काळोख : डॉ. एडवर्ड विल्सन

१ ऑगस्ट १९११. अंटार्क्टिकात केप इव्हान्स इथल्या लाकडी घराचं दार रात्री उघडलं आणि तीन माणसं आत आली. अंगावरचे कपडे गोठून पत्र्यासारखे झालेले. घरातल्या सोबत्यांना ते ओढून सोडवावे लागले. मोहिमेचा छायाचित्रकार हर्बर्ट पाँटिंग याने तिघांचा टेबलाशी बसून खातानाचा फोटो काढला, तो आजही पाहायला मिळतो. चेहरे काळवंडलेले, डोळे खोल गेलेले. पाच आठवड्यांपूर्वी इथून निघालेली हीच ती माणसं का, असा प्रश्न पडावा.

हे तिघं शिखर सर करायला गेले नव्हते की सोनं शोधायला. पक्ष्याची अंडी आणायला गेले होते. पाच मिळाली, दोन वाटेत फुटली, तीन घरी पोचली. तिघांचा प्रमुख होता डॉ. एडवर्ड एड्रियन विल्सन. कॅप्टन स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेची गोष्ट शाळेत बहुतेकांनी ऐकलेली असते. स्कॉट आठवतो, हिमवादळात निघून गेलेला ओट्स आठवतो. विल्सनचं नाव मात्र मागे राहतं. कडाक्याच्या थंडीत जनावरं कशी जगतात, हे तिथे स्वतः जाऊन, थंडी अंगावर घेऊन पाहणाऱ्या पहिल्या काही लोकांत हा माणूस होता.

विल्सनचा जन्म २३ जुलै १८७२ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनहॅम गावचा. वडील डॉक्टर. लहानपणापासून पोराचे खिसे पक्ष्यांची पिसं, किडे, कवट्या असल्या गोष्टींनी भरलेले. चित्रकला कुणी शिकवली नाही, बघून बघून हात बसला. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकला, मग लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयात वैद्यकी. शिकता शिकता बॅटरसीच्या गरीब वस्तीत मिशनचं काम करायचा आणि १८९८ मध्ये तिथेच क्षय घेऊन बसला. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. थंड, कोरडी, स्वच्छ हवा हाच उपाय. म्हणून तो नॉर्वेला गेला, मग स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला. कुशीवर पडून राहण्याऐवजी बाहेर भटकत चित्रं काढत राहिला. बरा झाला, पण फुप्फुसावर डाग राहिला.

त्या डागामुळे वैद्यकीय मंडळाने त्याला अंटार्क्टिकासाठी नापास केलं. तरी स्कॉटने त्याला घेतलं. १६ जुलै १९०१ ला त्याचं ओरियाना सूपर हिच्याशी लग्न झालं आणि तीन आठवड्यांत नवरा ‘डिस्कव्हरी’ जहाजावरून तीन वर्षांसाठी निघून गेला. जहाजावर त्याची कामं तीन : दुय्यम डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार.

चित्रकाराचं काम ऐकायला सोपं. पण जिथे पाणी ब्रशवरच गोठतं तिथे जलरंग चालणार कसे? विल्सन बाहेर नुसती पेन्सिल न्यायचा. हातमोजा क्षणभर काढायचा, चार रेघा मारायच्या, बोटं बधिर झाली की पुन्हा मोज्यात. कुठला रंग कुठे हे अक्षरांत लिहून ठेवायचं आणि रंगवायचं घरात येऊन. १९०२ च्या अखेरीस स्कॉट आणि शॅकल्टन यांच्याबरोबर तो दक्षिणेकडे ८२ अंशांपलीकडे गेला, तेव्हा बर्फाच्या चकाकीने डोळे सुजून पाणी गळत असतानाही त्याने डोंगररांगांची चित्रं सोडली नाहीत. त्या प्रवासात १९ कुत्रे नेले होते. सोबतचा वाळवलेला मासा खराब झाला होता. एकही कुत्रा परत आला नाही. माणसांच्या हिरड्या सुजायला लागल्या, स्कर्व्ही झाली. तळावरही ती दिसली होती आणि सीलचं ताजं मांस खायला लागल्यावर हटली. थंडीत जगायचं तर जनावरांकडूनच काहीतरी उसनं घ्यावं लागतं, हा धडा असा मिळाला.

या मोहिमेत ऑक्टोबर १९०२ मध्ये केप क्रोझिअरला एम्परर पेंग्विनची वसाहत सापडली. शोध सोबत्यांनी लावला, पण अभ्यास विल्सनचा. १९०३ च्या सप्टेंबरात तो तिथे गेला तेव्हा पिल्लं अगोदरच अंड्यांतून बाहेर आलेली. अंटार्क्टिकाचा हिवाळा नुकता संपत होता. म्हणजे हा पक्षी अंडी घालतो ती ऐन हिवाळ्यात, सूर्य महिनोन्‌महिने उगवत नसताना, समुद्राच्या बर्फावर. दुसरा कुठलाच पक्षी हा आतबट्ट्याचा व्यवहार करत नाही.

वरवर आतबट्ट्याचा, खरं तर नीट हिशोबाने केलेला. या पक्ष्याचं पिल्लू मोठं व्हायला महिने लागतात. अंडं उन्हाळ्यात घातलं तर पिल्लू हिवाळ्याच्या तोंडावर अर्धकच्चं राहील. हिवाळ्यात घातलं तर डिसेंबर-जानेवारीत, बर्फ फुटून समुद्र मोकळा होतो आणि मासळी भरपूर असते नेमक्या त्या वेळी, ते पोहायला तयार होतं. सगळ्यात वाईट दिवस आई-बापांनी काढायचे आणि चांगले दिवस पिल्लाच्या वाट्याला ठेवायचे.

ते दिवस निघतात कसे? एम्परर घरटं बांधत नाही, बांधायला तिथे काडीही नाही. अंडं पायांच्या पंजांवर ठेवायचं आणि पोटाखालची कातडीची घडी त्याच्यावर ओढायची. या पक्ष्याला कांगारूसारखी पिशवी असते अशी समजूत होती. तसं काही नाही, नुसती घडी असते, हे विल्सनने जवळून पाहून मांडलं. बाहेर उणे ४० अंश सेल्सिअस असताना त्या घडीत अंडं ३० अंशांच्या वर राहतं. त्याचा अहवाल १९०७ मध्ये छापून आला. अनाथ पिल्लू दिसलं की पाच-सहा मोठे पक्षी ते मिळवायला एकमेकांवर तुटून पडतात आणि त्या झोंबाझोंबीत पिल्लूच मरतं, हेही त्याने टिपलं. माया अशी जीवघेणीही असते.

मधली वर्षं इंग्लंडमध्ये गेली. ग्राउज नावाचे रानकोंबडीसारखे पक्षी रोगाने मरत होते, त्याचा शोध घ्यायचं काम १९०५ मध्ये त्याच्याकडे आलं. सुमारे दोन हजार पक्षी फाडून पाहिले आणि आतड्यातला दोऱ्यासारखा कृमी हे कारण शोधून काढलं. शॅकल्टनने १९०७ च्या मोहिमेवर बोलावलं तेव्हा हातातलं काम अर्धं आहे म्हणून गेला नाही. स्कॉटने १९१० मध्ये बोलावलं, तेव्हा निघाला. या वेळी सगळ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख म्हणून.

डोक्यात एकच गोष्ट होती : एम्पररचं ताजं अंडं. त्या काळी जर्मन शास्त्रज्ञ हेकेल याचा सिद्धांत जोरात होता. गर्भ वाढताना आपल्या पूर्वजांच्या पायऱ्या पुन्हा चढतो, असं तो सांगायचा. पेंग्विन हा फार जुन्या घडणीचा पक्षी मानला जायचा. मग त्याचा कोवळा गर्भ पाहिला तर सरपटणाऱ्यांच्या खवल्यांची पिसं कशी झाली हे दिसेल, असा विल्सनचा अंदाज. त्यासाठी हिवाळ्यातच गेलं पाहिजे. त्याआधी अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात असा प्रवास कुणी केला नव्हता.

२७ जून १९११ ला तिघं निघाले. विल्सन, हेन्री बॉवर्स आणि ॲप्सली चेरी-गॅरार्ड. बॉवर्स ठेंगणा, नाकेला, थंडी न बाधणारा गडी. तो रॉयल इंडियन मरीनचा अधिकारी, म्हणजे मुंबईत मुख्यालय असलेल्या नौसेवेतला. चेरीला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं आणि त्या थंडीत चष्मा लावता येत नव्हता. दोन स्लेजगाड्या, सुमारे ३४० किलो वजन, ओढणारे हेच तिघं. अंतर एका बाजूचं सुमारे ११० किलोमीटर.

एरवी स्लेज घसरते कारण तिच्या धावपट्टीखाली बर्फ किंचित वितळून पाण्याचा पातळ थर होतो. एवढ्या थंडीत तो थर होतच नाही, बर्फ वाळूसारखा लागतो. दोन गाड्या एकदम ओढवेनात. मग एक पुढे न्यायची, मेणबत्तीच्या उजेडात आपल्याच पावलांवरून मागे यायचं, दुसरी आणायची. एक मैल पुढे जायला तीन मैल चालणं. तापमान उणे ६० अंश सेल्सिअसच्याही खाली गेलं. तंबूतून बाहेर आल्यावर चेरीने इकडेतिकडे पाहायला मान वर केली, तेवढ्यात कपडे गोठले आणि मान खाली येईना. त्याला त्याच अवस्थेत कित्येक तास गाडी ओढावी लागली.

कपडे का गोठले, तर घामामुळे. गाडी ओढताना माणसाला घाम येतो, तो कपड्यांत जिरतो आणि तिथेच बर्फ होतो. रात्री झोपायची पिशवी रेनडिअरच्या कातड्याची. रेनडिअरच्या केसांत हवा कोंडलेली असते, म्हणून ते कातडं इतकं ऊबदार. पण ते रेनडिअरच्या अंगावर असतं तेव्हा कोरडं असतं. माणूस आत शिरला की त्याचा श्वास आणि घाम त्यात भरतो. चेरीची पिशवी आठ किलोंची होती, परतीपर्यंत वीस किलोंची झाली. वाढलेला भार सगळा बर्फाचा. त्या गोठलेल्या पिशवीत शिरायलाच तासभर लागायचा, पाय घालून थोडं वितळवायचं, मग पुढे सरकायचं. उरलेली रात्र कुडकुडण्यात. दात इतके वाजायचे की चेरीचे दात तडकले.

आता त्याच बर्फावर उभा असलेला पेंग्विन पाहा. एम्पररची उंची सव्वा मीटरच्या आसपास आणि वजन नराचं हिवाळ्याच्या सुरुवातीला ४० किलोपर्यंत. पेंग्विनांत हा सगळ्यात मोठा, आणि मोठं असणं हीच पहिली सोय. कारण शरीर जितकं मोठं तितकी वजनाच्या मानाने कातडी कमी, आणि उष्णता जाते ती कातडीवाटे. चोच आणि पंख शरीराच्या मानाने लहान. कातडीखाली चरबी, वर पिसांच्या बुडाशी मऊ लव, तिच्यात कोंडलेली हवा, आणि त्यावर कौलांसारखी एकावर एक बसलेली टोकदार पिसं. ही पिसं इतकी चोख काम करतात की निरभ्र थंड रात्री पक्ष्याची वरची पिसं आजूबाजूच्या हवेपेक्षाही थंड भरतात, असं उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्याने अलीकडे दाखवलं. आतली ऊब बाहेर येतच नाही.

मग पाय? ते तर उघडे बर्फावर. पायाकडे जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि परत येणाऱ्या थंड रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून असतात. जाणारं रक्त आपली ऊब येणाऱ्याला वाटेतच देऊन टाकतं. पायापर्यंत पोचतं ते गोठणार नाही एवढंच उबदार रक्त. पंखांत आणि नाकातही हीच व्यवस्था. श्वास सोडतानासुद्धा हा पक्षी ऊब वाया घालवत नाही. माणूस नेमका तिथेच तोट्यात जातो.

याउपर घोळका. नर हजारोंनी एकमेकांना चिकटून उभे राहतात. गर्दीच्या आत तापमान २० अंशांच्या वर जातं, कधी पस्तिशीही गाठतं. बाहेरच्या कडेचा पक्षी कायमचा बाहेर राहत नाही. दर अर्ध्या-एक मिनिटाला कुणीतरी काही सेंटिमीटरचं पाऊल टाकतं, त्याची लाट गर्दीभर पसरते आणि घोळका हळूहळू सरकत, फिरत राहतो. पंढरीच्या वारीत रेटा येतो तसा, फक्त धक्काबुक्की नाही.

तीन आठवडे ओढून तिघं क्रोझिअरला पोचले. दगडांच्या भिंती रचल्या, वर कॅनव्हासचं छप्पर टाकलं. २० जुलैला कडे उतरून वसाहतीत गेले. विल्सनने पूर्वी पाहिली होती ती वसाहत मोठी होती, या वेळी जेमतेम शंभर पक्षी. काही पक्ष्यांनी अंडं समजून बर्फाचे गोल गोटे पायांवर धरलेले. पाच अंडी उचलली. चेरीने आपली दोन मोज्यात घालून गळ्यात अडकवली होती, चढताना ती फुटली. तेल संपत आलं होतं, म्हणून तीन पक्षी मारून त्यांची चरबी चुलीत घातली. त्या रात्री तिच्यातला उकळता थेंब उडून विल्सनच्या डोळ्यात गेला.

मग हिमवादळ आलं. तंबू उडाला. २३ जुलैला, विल्सनच्या ३९ व्या वाढदिवशी, झोपडीचं छप्परही फाटून गेलं. तिघं उघड्यावर, पिशव्यांत पडून, अंगावर बर्फ चढू देत भजनं म्हणत राहिले. दोन दिवस पोटात अन्न नाही. तंबूशिवाय परत जाणं शक्य नाही हे तिघांनाही माहीत होतं. वारा थोडा पडल्यावर शोधायला निघाले, तर तंबू उताराखाली अर्ध्या मैलावर सापडला, जवळजवळ धड. परतीच्या वाटेवर बॉवर्स रोज रात्री तंबूची दोरी स्वतःला बांधून झोपायचा. तंबू जाणार असेल तर आपल्याला घेऊनच जाऊ दे, असा त्याचा हिशोब.

याच प्रवासात विल्सनने खाण्याचाही प्रयोग केला. त्याने स्वतः जास्त लोणी घेतलं, बॉवर्सने जास्त पेमिकन, म्हणजे वाळवलेलं मांस आणि चरबी, चेरीने जास्त बिस्किटं. कुणालाच ते झेपलं नाही. शेवटी वाटण्या सारख्या केल्या आणि तोच शिधा पुढे ध्रुवाच्या प्रवासाला ठरला. आजच्या हिशोबाने तो दिवसाला साडेचार हजार कॅलरीच्या घरात जातो, स्लेज ओढणाऱ्याला लागतात सहा हजारांच्या आसपास. रोजचा खर्च जमेपेक्षा जास्त. एम्परर नरही उपाशीच असतो, जवळजवळ चार महिने. पण तो चरबीची शिल्लक आधी जमवून उभा राहतो आणि कमीत कमी हालतो. वजनाचा सुमारे ४० टक्के भाग गमावतो, तरी मादी परत येईपर्यंत तग धरतो.

ध्रुवाच्या प्रवासाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. स्कॉटने १९ तट्टू नेले होते. तट्टाला घाम येतो आणि तो गोठून अंगावर बर्फाची झूल चढते. कुत्र्याला तसा अंगभर घाम येत नाही, तो बर्फात खड्डा करून शेपटीत नाक खुपसून झोपतो. अमुंडसेन कुत्र्यांवर विसंबला आणि डिसेंबर १९११ मध्ये ध्रुवावर पोचला. स्कॉट, विल्सन, बॉवर्स, ओट्स आणि एडगर इव्हान्स १७ जानेवारी १९१२ ला पोचले. यातला ओट्स आधी इंदूरजवळच्या महूच्या छावणीत घोडदळात होता, तट्टांची जबाबदारी त्याच्याकडे होती.

परतताना, सगळे खंगलेले असताना, विल्सनने बिअर्डमोर हिमनदीपाशी खडक पाहिले आणि सुमारे १६ किलो दगड गोळा केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे होते. हीच पानं आपल्याकडे चंद्रपूर भागात वर्धा खोऱ्याच्या कोळशाच्या थरांत सापडतात. अंटार्क्टिका आणि भारत एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते, त्याचा हा पुरावा. त्या भूखंडाचं नावच मुळी आपल्या गोंडवनावरून पडलेलं. तिघांनी ते दगड शेवटपर्यंत टाकले नाहीत.

इव्हान्स १७ फेब्रुवारीला गेला, ओट्स मार्चच्या मध्यावर. मार्चअखेर स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स तंबूत गेले, पुढचा अन्नसाठा १८ किलोमीटरवर. १२ नोव्हेंबर १९१२ ला शोधपथक तिथे पोचलं. त्या पथकाबरोबर हिंदुस्थानातून पाठवलेली खेचरं होती. लाल खान, गुलाब, बेगम, राणी अशी त्यांची नावं. विल्सनचे दगड तंबूपाशीच्या स्लेजवर सापडले.

अंडी चेरीने १९१३ मध्ये लंडनच्या निसर्ग इतिहास संग्रहालयात नेऊन दिली. तिथे त्यांचं थंडं स्वागत झालं. त्यांवरचा अहवाल यायला १९३४ उजाडलं आणि त्यातून फारसं नवीन हाती लागलं नाही. हेकेलचा सिद्धांत तोवर मोडीत निघाला होता, पेंग्विन हा अतिप्राचीन पक्षी आहे ही समजूतही. ज्यासाठी गेले ते चुकीचंच निघालं. एम्परर हिवाळ्यात अंडी घालतो हे विल्सनचं निरीक्षण मात्र टिकलं. नर आणि मादी दोघं आळीपाळीने अंडं उबवतात असं त्याला वाटलं होतं, तेवढं १९५० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ जाँ प्रेव्हो याने पूर्ण हिवाळा वसाहतीशेजारी काढून दुरुस्त केलं. अंडं उबवतो तो नर एकटा, ६५ दिवस.

हा सगळा बंदोबस्त थंडीसाठी आहे. पायाखालचा बर्फ अवेळी गेला तर त्याचा उपयोग नाही. २०२२ च्या अखेरीस बेलिंग्सहाउझन समुद्रातला बर्फ लवकर फुटला आणि तिथल्या पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं, पाण्यात टिकणारी पिसं येण्याआधीच, गेली.

चेल्टनहॅममध्ये विल्सनचा पुतळा आहे, स्कॉटच्या पत्नीने घडवलेला, जुलै १९१४ मध्ये बसवलेला. ओरियाना १९४५ पर्यंत जगली. क्रोझिअरची ती दगडी झोपडी १९५७ मध्ये एडमंड हिलरीला ट्रॅक्टरवरून जाताना सापडली. छप्पर नव्हतं, भिंती अर्ध्या उभ्या होत्या आणि आत तिघांनी मागे टाकलेलं सामान गोठून तसंच पडलेलं होतं.